बाळाचे वजन आणि आईचे ओझे

*गर्भवतीने काय खाल्ले याची चौकशी होते. तिने काय सोसले हे सहसा कोणी विचारत नाही. आईच्या मनावरील जुने आघात आणि रोजचा ताण यांचा बाळाच्या जन्मवजनाशी काय संबंध आहे, याविषयी गेल्या काही दशकांतील संशोधनाने बरेच काही सांगितले आहे.*

प्रतिनिधी, पनवेल

बाळ जन्माला आले की नातलगांकडून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, मुलगा की मुलगी? आणि दुसरा, वजन किती? वजन अडीच किलोच्या वर असले की सारे निश्चिंत होतात. ते दोन किंवा सव्वादोन किलो भरले की मात्र चौकशीचा रोख आईकडे वळतो. खाण्यापिण्याची हेळसांड केली असेल, गोळ्या वेळेवर घेतल्या नसतील, घरातल्यांचे ऐकले नसेल, असे निष्कर्ष प्रसूतिकक्षाच्या बाहेरच काढले जातात. बाळंतपणाने थकलेल्या त्या स्त्रीच्या मनातही हा दोष खोलवर रुजतो.

वैद्यकशास्त्र या प्रश्नाकडे अधिक व्यापक दृष्टीने पाहते. बाळाचे जन्मवजन हा केवळ नऊ महिन्यांच्या आहाराचा हिशेब नसतो. आईची उंची, तिचे स्वतःचे बालपण, तिच्या वाट्याला आलेले कष्ट, रक्तक्षय, संसर्ग, दोन बाळंतपणांतील अंतर आणि तिच्या मनाने पेललेले ताण या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. यातील मानसिक आघात व ताण हा घटक आपल्याकडे सर्वात दुर्लक्षित राहिला आहे. तो एकमेव नाही आणि सर्वात मोठाही नाही. परंतु तो वेळीच ओळखता येतो आणि हलका करता येतो, म्हणून त्याची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

अडीच किलोची रेषा

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार जन्मतः २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजन असलेले बाळ ‘कमी वजनाचे’ मानले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) जन्मतः वजन नोंदवलेल्या बालकांपैकी सुमारे १८ टक्के बालके या रेषेच्या खाली होती. म्हणजे साधारण दर साडेपाच बालकांमागे एक.

वजन कमी भरण्याची मुख्य कारणे दोन. एक तर बाळ दिवस पूर्ण भरण्यापूर्वी, म्हणजे ३७ आठवड्यांच्या आत जन्मते. किंवा दिवस भरूनही गर्भाशयात त्याची वाढ मंदावलेली असते. काही बालकांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकत्र घडतात. हा फरक लक्षात ठेवणे गरजेचे आहे. कारण मानसिक ताणाचा परिणाम या दोन्ही वाटांनी होऊ शकतो आणि संशोधनातील पुरावा पहिल्या वाटेबाबत, म्हणजे अकाली प्रसूतीबाबत, अधिक ठळक आहे.

वजनाला एवढे महत्त्व का, असाही प्रश्न विचारला जातो. कमी वजनाच्या बाळाला जंतुसंसर्ग, शरीराचे तापमान घटणे आणि दूध ओढण्यात अडचण हे धोके अधिक असतात. पुढील आयुष्यात मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार यांच्याशीही कमी जन्मवजनाचा संबंध आढळतो. या विषयावरील एक महत्त्वाचे संशोधन पनवेलपासून घाट ओलांडून गेले की लागणाऱ्या पुणे जिल्ह्यात झाले आहे.

पुण्याजवळच्या सहा गावांची साक्ष

पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती मातांचा अभ्यास सुरू केला. त्यात ब्रिटनमधील साउदॅम्प्टन येथील संशोधकांचे सहकार्य होते. या गावांतील बालकांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो भरले. आपली बालके दिसायला किडकिडीत. परंतु त्यांच्या शरीरात स्नायूंच्या मानाने चरबीचे प्रमाण अधिक, हा या अभ्यासाचा बहुचर्चित निष्कर्ष होता. भारतीयांमध्ये मधुमेह तरुण वयात का दिसतो, याचे एक सूत्र त्यातून हाती आले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या अभ्यासातील दोन तपशील अधिक बोलके आहेत. पहिला आहाराचा. आईने एकूण किती उष्मांक किंवा किती प्रथिने घेतली, यापेक्षा तिच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा होते, याचा बाळाच्या आकाराशी अधिक संबंध आढळला. दुसरा तपशील कष्टांचा. शेतातली कामे, पाणी भरणे आणि घरकाम यांचा भार ज्या गर्भवतींवर सर्वाधिक होता, त्यांची बालके तुलनेने लहान निघाली. आई किती खाते याबरोबरच तिच्या अंगावर किती भार आहे, हेही बाळाच्या वजनात उमटते, हे यातून स्पष्ट झाले.

शारीरिक भार मोजता येतो. मनावरचा भार मोजणे अवघड. म्हणूनच त्याचे संशोधन पुढे सरकायला वेळ लागला.

ताण शरीरात कसा उतरतो?

संकटाची चाहूल लागली की मेंदूतील हायपोथॅलॅमस ही ग्रंथी संदेश धाडते, तो पिट्युटरी ग्रंथीमार्फत मूत्रपिंडांवरील अ‍ॅड्रिनल ग्रंथींपर्यंत पोहोचतो आणि रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तातील साखर चढते, शरीर सावध होते. संकट टळले की सारे पूर्ववत होते. ही व्यवस्था जीव वाचवण्यासाठीच आहे. अडचण निर्माण होते ती संकट टळतच नाही तेव्हा. किंवा ते टळून वर्षे लोटली तरी शरीर त्याच्याच धास्तीत राहते तेव्हा.

गर्भारपणात कॉर्टिसॉल स्वाभाविकपणेही वाढते. गर्भाला त्याची जास्त मात्रा पोहोचू नये म्हणून वारेत (प्लासेंटा) एक विकर काम करत असते. ते आईच्या रक्तातील बऱ्याचशा कॉर्टिसॉलचे निष्क्रिय रूपात रूपांतर करते. वार ही अशी चाळणीच म्हणावी लागेल. आईचे कुपोषण किंवा दीर्घकाळचा ताण यांमुळे या चाळणीची क्षमता घटू शकते आणि गर्भापर्यंत अधिक कॉर्टिसॉल पोहोचते. जास्त कॉर्टिसॉलमुळे गर्भाच्या अवयवांची परिपक्वता लवकर येते. पण त्याची वाढ मंदावते.

याखेरीज वारेतूनही ‘सीआरएच’ नावाचे एक संप्रेरक स्रवते. प्रसूती केव्हा सुरू व्हावी, याच्या वेळापत्रकात त्याची भूमिका असते. आईच्या कॉर्टिसॉलमुळे त्याचे प्रमाण वाढते. ते अपेक्षेपेक्षा लवकर वाढले तर कळाही लवकर सुरू होण्याची शक्यता बळावते. सततच्या ताणामुळे रक्तदाब वाढणे, गर्भाशयाकडील रक्तपुरवठ्यावर परिणाम होणे आणि शरीरातील दाह वाढून संसर्गाशी लढण्याची ताकद घटणे, या वाटाही आहेत.

दुसरी वाट रोजच्या जगण्यातून जाते. मन बेचैन असलेल्या स्त्रीला भूक लागत नाही, झोप लागत नाही. तपासणीला जाण्याची उमेद राहत नाही. काही जणी तंबाखू किंवा मशेरीचा आधार घेतात. मशेरी दात घासण्यासाठी म्हणून सुरू होते आणि भूक व थकवा मारण्यासाठी चालू राहते. मुंबईत १२१७ गर्भवतींच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००४ साली प्रसिद्ध झाला. धूररहित तंबाखूचे सेवन करणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन इतर घटक जमेस धरूनही सरासरी १०५ ग्रॅमने कमी असल्याचे त्यात आढळले. त्या मातांची प्रसूतीही सरासरी सुमारे सहा दिवस आधी झाली होती. अशा वेळी ‘मशेरी सोडा’ एवढे सांगून भागत नाही. ती कशासाठी लावली जाते, हेही विचारावे लागते.

भूकंप आणि उपासमारीचे धडे

ताणाचा परिणाम सिद्ध करणे सोपे नाही. गर्भवतींच्या एका गटाला मुद्दाम ताण देऊन प्रयोग करता येत नाही. शिवाय ज्या घरात ताण असतो, तेथे बहुधा गरिबी, अपुरा आहार आणि कष्टही असतात. मग वजन कशामुळे घटले हे कसे ठरवायचे? म्हणून संशोधक अशा घटनांचा आधार घेतात, ज्या गरीब-श्रीमंत साऱ्यांवर एकाच वेळी कोसळल्या आणि ज्यांची तारीख निश्चित आहे.

यातील सर्वात प्रसिद्ध उदाहरण नेदरलँड्सचे आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने केलेल्या कोंडीमुळे त्या देशाच्या पश्चिम भागात भीषण उपासमार झाली. ज्या स्त्रियांच्या गर्भारपणाचे शेवटचे महिने या काळात गेले, त्यांच्या बालकांचे वजन सरासरी सुमारे ३०० ग्रॅमने घटले. ज्यांना पहिल्या महिन्यांतच उपासमार सोसावी लागली आणि पुढे अन्न मिळाले, त्यांच्या बालकांचे जन्मवजन मात्र नेहमीसारखे भरले. तरीही मोठेपणी त्या मुलांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. साठ वर्षांनी केलेल्या तपासणीत त्यांच्यापैकी काहींच्या वाढीशी निगडित एका जनुकावरील रासायनिक खुणा वेगळ्या असल्याचेही दिसले. अर्थात, येथे भूक आणि भीती दोन्ही एकत्र होत्या.

भीतीचा वाटा वेगळा काढण्याची संधी चिलीतील भूकंपाने दिली. १३ जून २००५ रोजी त्या देशाच्या उत्तरेकडील तारापाका प्रांतात मोठा भूकंप झाला. फ्लोरेन्सिया टॉर्चे या संशोधिकेने तेथील जन्मनोंदींचा अभ्यास करून २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत भूकंप अनुभवलेल्या स्त्रियांच्या बालकांचे वजन सरासरी सुमारे ५० ग्रॅमने कमी भरले आणि त्यामागे मुख्यतः प्रसूती लवकर होणे हे कारण होते.

जेथे ना भूकंप झाला ना अन्नाचा तुटवडा, तेथेही असा परिणाम दिसला आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत अरब समाजाला संशय आणि छळ सोसावा लागला. कॅलिफोर्नियातील अरबी नावांच्या मातांच्या जन्मनोंदी तपासल्या असता, हल्ल्यानंतरच्या सहा महिन्यांत कमी वजनाच्या बालकांचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने वाढलेला आढळला. त्या राज्यातील इतर मातांमध्ये अशी वाढ दिसली नाही.

जुनी जखम, नवे गर्भारपण

हे झाले गर्भारपणातच कोसळलेल्या संकटांविषयी. पण लहानपणी मार खाल्लेल्या, लैंगिक अत्याचार सोसलेल्या, आईवडिलांना अकाली गमावलेल्या किंवा एखाद्या दुर्घटनेतून वाचलेल्या स्त्रीचे काय? अनेक वर्षांपूर्वीचा आघात आजच्या गर्भावर परिणाम करू शकतो का?

बालपणातील आघातांच्या संदर्भात अनेक देशांत अभ्यास झाले आहेत. असे आघात सोसलेल्या स्त्रियांमध्ये अकाली प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचे प्रमाण काहीसे अधिक असल्याचे त्यांचा एकूण कल सांगतो. हा संबंध माफक आहे आणि प्रत्येक अभ्यासात तो सारखा दिसत नाही. बालपणीच्या आघाताने शरीराची ताणाला प्रतिसाद देण्याची घडीच बदलते. शिवाय शिक्षण सुटणे, लवकर लग्न होणे, व्यसन आणि नैराश्य या गोष्टीही त्याच्या पाठोपाठ येतात. आपल्याकडे यात आणखी एक दुवा जोडावा लागतो. मुलगी म्हणून लहानपणी ताटात कमी पडले, उंची खुंटली, अठराच्या आत लग्न झाले, तर तिच्या बाळाच्या वजनावर त्याचा परिणाम होतो. उपेक्षेची ही नोंद दुसऱ्या पिढीत तराजूवर दिसते.

मात्र, भूतकाळ म्हणजे अटळ भविष्य नव्हे, हे सांगणारा एक अभ्यास मोलाचा आहे. अमेरिकेत माजी महिला सैनिकांच्या १६ हजारांहून अधिक प्रसूतींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराची, म्हणजे ‘पीटीएसडी’ची, नोंद ज्यांच्या बाबतीत प्रसूतीपूर्वीच्या वर्षभरात झाली होती, त्यांच्यात आपोआप अकाली प्रसूती होण्याची शक्यता सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक आढळली. ज्यांना हा विकार पूर्वी होता, पण त्या वर्षात तो सक्रिय नव्हता, त्यांच्यात अशी लक्षणीय वाढ दिसली नाही.

आघात घडून गेला हे बदलता येत नाही. पण त्याची वेदना आजही जागी आहे की निवली आहे, याने फरक पडतो. आणि ही वेदना उपचारांनी कमी होऊ शकते. दुःस्वप्ने पडणे, त्या प्रसंगाची दृश्ये अचानक डोळ्यांपुढे येणे, सतत दचकणे, कोणाचाही स्पर्श नकोसा होणे, विशिष्ट जागा टाळणे ही त्याची लक्षणे आहेत. अत्याचार सोसलेल्या स्त्रीला प्रसूतिपूर्व तपासणीचीही धास्ती वाटू शकते. ती तपासणी चुकवते, तेव्हा तो निष्काळजीपणा समजला जातो.

घराच्या चार भिंतींत

भूकंप आणि युद्धे रोज होत नाहीत. आपल्याकडील गर्भवतींच्या ताणाचे उगम बहुधा घरातच असतात. मुलगाच हवा हा धोशा, पैशांची ओढाताण, पतीचे व्यसन आणि मारहाण. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत विवाहित वा एकेकाळी विवाहित असलेल्या १८ ते ४९ वयोगटातील सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. गर्भारपणात मारहाण झाल्याचे सांगणाऱ्या सुमारे ३ टक्के होत्या. हा आकडा लहान वाटला, तरी देशातील गर्भवतींची संख्या पाहता तो लाखोंच्या घरात जातो. शिवाय असे प्रश्न विचारले असता अनेक जणी गप्प राहतात, हे वेगळेच.

मराठी-कोकणी मुलुखातील प्रत्यक्ष पुरावा गोव्याचा आहे. तेथील जिल्हा रुग्णालयात आलेल्या २७० मातांची डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मानसिक स्वास्थ्याची तपासणी केली. ज्यांचे मन अस्वस्थ होते, त्यांच्यात कमी वजनाचे बाळ जन्मण्याची शक्यता अधिक असल्याचा निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. याच मातांच्या पाठपुराव्यात सुमारे २३ टक्के स्त्रियांना प्रसूतीनंतर नैराश्य आल्याचे दिसले होते. आर्थिक चणचण, पतीकडून होणारी हिंसा आणि मुलगी जन्मणे ही त्यामागची कारणे ठरली.

हिंसाचाराकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहण्याची सुरुवातही महाराष्ट्रातच झाली. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी २००० साली वांद्रे येथील के. बी. भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ हे केंद्र सुरू केले. हिंसाचाराने पीडित स्त्रीला रुग्णालयाच्या आवारातच समुपदेशन व मदत मिळावी, ही त्यामागची कल्पना. पुढे मुंबईतील अन्य रुग्णालयांतही ती राबवण्यात आली. पोलीस ठाण्याची पायरी चढायला कचरणारी स्त्रीही प्रसूतिपूर्व तपासणीसाठी रुग्णालयात येते. तिच्याशी एकांतात बोलण्याची संधी तेथे असते.

पनवेलच्या परिसरात

पनवेल तालुक्यात या प्रश्नाची अनेक रूपे एकत्र पाहायला मिळतात. २०१६ मध्ये महापालिका स्थापन झालेल्या या शहराभोवती एकीकडे खारघर, कामोठे, कळंबोलीतील इमारती आहेत, तर दुसरीकडे डोंगरपायथ्याच्या कातकरी आणि ठाकर वाड्या. विमानतळासाठी दहा गावांना आपली जागा सोडावी लागली. विस्थापन कितीही मोबदला देऊन झाले, तरी शेजार आणि सोबत मोडतेच.

रायगड जिल्ह्यातील कातकरी समाजाची गणना आदिम जमातींत होते. यातील अनेक कुटुंबे पावसाळा सरला की उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. जोडप्याने मिळून विटा पाडायच्या असल्याने गर्भवतीला काम सुटत नाही. उचल फेडण्याचा धाक असतो. वाडीतील आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांच्याशी संपर्क तुटतो आणि पोषण आहार, लोहाच्या गोळ्या व तपासणीत खंड पडतो. पुण्याजवळच्या गावांत कष्टांचा जो परिणाम दिसला, त्यात येथे कर्जाची चिंता आणि परक्या जागेची असुरक्षितता यांची भर पडते.

पनवेलजवळच्या खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. त्याआधी २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातील तळीये गावावर अशीच आपत्ती ओढवली होती. अशा दुर्घटनांतून वाचलेल्या मुली व तरुण स्त्रिया पुढे माता होतात. चिली आणि अन्य देशांतील अनुभव लक्षात घेता, पुनर्वसनात घरांइतकाच मानसिक आधाराचा आणि गर्भवतींच्या पाठपुराव्याचा विचार व्हायला हवा.

शहरी घरांतील ताण वेगळा. नोकरीसाठी रोज मुंबईपर्यंत लोकलचा प्रवास, घराच्या कर्जाचे हप्ते आणि जवळ ना सासर ना माहेर. सातव्या महिन्यात लेकीला माहेरी आणायचे, डोहाळे पुरवायचे, ओटी भरायची, या प्रथांमागे गर्भवतीला विसावा आणि मायेची माणसे मिळावीत, हाही हेतू होता. विभक्त कुटुंबात तो विसावा कोठून मिळणार, याची सोय आता विचारपूर्वक करावी लागते.

घाबरण्याचे कारण नाही

हे सारे वाचून एखाद्या गर्भवतीच्या मनात नवीच धास्ती निर्माण होण्याचा संभव आहे. म्हणून काही गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. वर दिलेले आकडे हे मोठ्या समूहांच्या सरासरीचे आहेत. तणावाखाली असलेल्या बहुसंख्य स्त्रियांची बालके व्यवस्थित वजनाची आणि निरोगी जन्मतात. ५० ग्रॅमचा फरक एका बाळाच्या बाबतीत फारसा जाणवणारही नाही; तो महत्त्वाचा ठरतो तो रेषेच्या काठावर असलेल्या बालकांसाठी. कार्यालयातील एखादा धावपळीचा दिवस किंवा घरातला किरकोळ वाद यांनी बाळाचे वजन घटत नाही. प्रश्न आहे तो दीर्घकाळच्या, तीव्र आणि एकटीने सोसलेल्या ताणाचा.

दुसरी गोष्ट, एखाद्या बाळाचे वजन कमी भरले तर ते आईच्या ताणामुळेच, असे कोणताही डॉक्टर ठामपणे सांगू शकत नाही. रक्तक्षय, उच्च रक्तदाब, संसर्ग, जुळी बालके, वारेतील दोष ही कारणे आधी तपासावी लागतात. गर्भवतीने सदैव आनंदी राहावे, असा उपदेश गर्भसंस्काराच्या नावाखाली केला जातो. ज्या घरात तिला मारहाण होते किंवा टोमणे ऐकावे लागतात, तेथे हा उपदेश म्हणजे तिच्यावर आणखी एक ओझे. मन प्रसन्न ठेवण्याची जबाबदारी तिच्या एकटीची नाही.

काय करता येईल?

सुरुवात गर्भधारणेच्या आधीपासून व्हावी, हे मुंबईतील एका अभ्यासाने दाखवले आहे. तेथील वस्त्यांमधील सहा हजारांहून अधिक स्त्रियांचा त्यात समावेश होता. त्यांपैकी एका गटाला पालेभाज्या, फळे व दूध यांपासून केलेला खाऊ रोज देण्यात आला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, गर्भधारणेच्या किमान तीन महिने आधीपासून हा खाऊ मिळालेल्या स्त्रियांच्या बालकांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. मनाच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू करता येईल. जुना आघात सोसलेल्या स्त्रीला मूल होऊ देण्याआधीच समुपदेशन मिळाले तर उत्तम.

गर्भारपणात पुढील बाबींकडे लक्ष द्यावे :

• दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, झोप न लागणे, भूक मरणे, सतत धास्ती वाटणे किंवा जगणे नकोसे होणे, ही लक्षणे डॉक्टरांना सांगावीत. हे ‘दिवस गेल्यावर होतेच’ म्हणून सोडून देऊ नये.

• मानसिक आजाराची औषधे आधीपासून सुरू असल्यास ती स्वतःहून बंद करू नयेत. गर्भारपणात कोणती औषधे चालतात, हे डॉक्टर ठरवतात.

• पूर्वी अत्याचार किंवा दुर्घटना सोसली असल्यास, सारा तपशील सांगण्याची गरज नाही. ‘तपासणीची मला भीती वाटते’ एवढे सांगितले, तरी डॉक्टर व परिचारिका त्यानुसार काळजी घेऊ शकतात. सोबत विश्वासातील व्यक्ती असावी.

• प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन यांबरोबर मनाची चौकशीही व्हावी, असा आग्रह धरावा.

• मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’ची १४४१६ ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. हिंसाचार होत असल्यास महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ चा आहे.

• तंबाखू व मशेरी सोडण्यासाठी घरातील इतरांनीही ती सोडावी. एकटीला सांगून उपयोग होत नाही.

घरातल्या माणसांची भूमिका यात मोठी आहे. पतीने तपासणीला सोबत जाणे, पाणी भरणे व जड कामे स्वतःकडे घेणे, मुलगा-मुलगी हा विषय बंद करणे, ही कामे साधी आहेत. पण गर्भवतीचा भार त्यांनी खरोखर कमी होतो. यासाठी प्रत्येक वेळी मानसोपचारतज्ज्ञच हवा असेही नाही. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने थोडे प्रशिक्षण दिलेल्या वस्तीतल्याच स्त्रियांना ‘सखी’ म्हणून नैराश्य आलेल्या गर्भवतींकडे पाठवले. या २८० स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले; सखींच्या भेटींमुळे नैराश्यातून बाहेर येणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे त्यात दिसले. आशा कार्यकर्त्यांचे जाळे असलेल्या रायगडसारख्या जिल्ह्यात हे अशक्य नाही. मात्र, त्यांच्यावरील कामाचा सध्याचा बोजाही त्यासाठी ध्यानात घ्यावा लागेल.

बाळ कमी वजनाचे जन्मलेच, तरी पुढची वाट बंद होत नाही. आईच्या उघड्या छातीशी बाळाला सतत धरून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत आणि निव्वळ आईचे दूध यांनी अशा बालकांचे प्राण वाचतात, हे सिद्ध झाले आहे. ही पद्धत जन्मानंतर लगेच सुरू करावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली. आई थकली असेल तर वडील किंवा आजीही बाळाला असे धरू शकतात.

गर्भवतीच्या माता व बाल संरक्षण कार्डावर तिचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लसी यांच्या नोंदी होतात. ‘घरी सगळे ठीक आहे ना? झोप लागते ना? कशाची भीती वाटते का?’ हे तीन प्रश्न एकांतात विचारायला दोन मिनिटे पुरतात. उत्तर ‘नाही’ आले तर तिला कोठे पाठवायचे, याची सोय त्या केंद्रात आधीच असायला हवी. तसे झाले तर तराजूवरील आकड्यासाठी आईला दोष देण्याची वेळ बऱ्याच घरांवर येणार नाही.